शेवटचा पहर

टण्ण.
तीन वाजून गेले असतील.
पळसाला टांगलेला तेलाचा पिपा वाजला
आणि डुकरं धानातून मागं फिरली.
मी मचाणावर पडल्या पडल्या अंदाज घेतला:
वीस पावलं, किंचित आतल्या अंगाला, गुडघ्याच्या वर.
स्ट्राइक.
होमराज बावनकर कामावर आला.

बेसबॉल आमच्या गावात खोक्यातून आला.
चुलबंदच्या अलीकडं, लाखांदूरच्या रस्त्यावरची शाळा,
आणि कुणी न मागितलेलं क्रीडा साहित्य.
हातमोज्यांत दोन उलटे निघाले, उजव्या हातात घालायचे.
सरांनी विचारलं, हे कोणाला होतील रे?
होमराजनं हात वर केला. डावा.
एवढीच त्याची निवड चाचणी.

पहिल्या डावापासून चेंडू त्याच्या हाती कुणी दिला नाही,
शाळेतही नाही, पुढं उमरेडकडच्या खाणीच्या संघातही नाही.
तिथं तो हजेरीपटावर हेल्पर होता,
पगार हेल्परचा, काम सातव्या डावानंतरचं.
तोवर जाळीमागं बसून शिंगाडे सोलायचा,
खांद्याला मोहाच्या टोळीचं तेल, वर जुनं स्वेटर, मे महिन्यातही.
एकही शिंगाडा तोंडात टाकायचा नाही.
सोललेले सगळे माझ्या टोपीत.

हाक यायची तेव्हा तिन्ही बेसवर माणसं उभी असायची,
दुसऱ्याच कुणी आणून ठेवलेली.
लग्नघरी भात करपल्यावर आचारी बोलवावा, तसं.
ती माणसं घरी पोचली तर वहीत रन आधीच्याच्या नावावर,
शिव्या होमराजच्या.
माइकवाला म्हणायचा, याच्या नावातच होम आहे, पोचवणारच!
लोक हसायचे.
होमराज बुटानं माती सारखी करायचा,
रोवणीआधी बांधी सारखी करतात तशी,
आणि माझ्या मोज्याकडं बघायचा. फक्त मोज्याकडं.

अकरा वर्षं.
त्यानं टाकलेलं सगळं एकापुढं एक लावलं
तर एक दिवस भरायचा नाही.

रायपूरची ती मॅच.
नववा डाव, बरोबरी, तिसऱ्या बेसवर एक काटक पोरगा.
मी मोजा खाली धरला, बाहेरच्या कोपऱ्यात.
चेंडू आला तो तिथंच आला.
मी सोडला.
मधलं बोट आदल्याच डावात मोडलं होतं,
आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं.
पोरगा धूळ उडवत घरी.
वहीत लिहिलं गेलं: वाइल्ड पिच, बावनकर.
मॅनेजरनं त्याला विचारलं तेव्हा मी बाजूलाच होतो,
बुटाची नाडी बांधत. ती सुटलेलीच नव्हती.
तो म्हणाला, "बोटाले घाम होता गा."

पुढच्या वर्षी त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं.
माझं आणखी सहा वर्षं होतं.

आता या चौदा बांध्या आम्ही दोघं राखतो.
मालकानं वेळ वाटून दिली, आम्ही मागितली नव्हती:
तीनपर्यंत मी, मग तो.
काल माझा डोळा लागला.
तो आला तेव्हा डुकरं आत शिरलेली.
पिपा वाजला, ती गेली,
पण लोंब्या आडव्या झाल्या त्या झाल्याच.

सकाळी मालक धुऱ्यावर उभा.
हे कोणाच्या वेळेत?
होमराजचा खांदा हलला. मला तो ओळखू येतो,
अकरा वर्षं मी त्याच्यासमोर उकिडवा बसलोय.
त्याच्या आधी मी हात वर केला.
मधलं बोट अजून सरळ होत नाही,
त्यामुळं हात वर केलाय की काही दाखवतोय
हे मालकाला लवकर कळेना.

दोन रात्रींची मजुरी कापली.
तो गेल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग होमराजनं खिशातून मूठ बाहेर काढली.
"शिंगाडे खातेस का गा?"
सोललेले होते.